उजेड, आकडा दोन

कायानीत नोव्हेंबरमध्ये तीन वाजले
की दिवस सामान आवरायला घेतो.
दीडशे मीटरवरचा कागद तेव्हा पांढरा असतो अजून,
त्यातलं काळं वर्तुळही दिसतं,
पण माझ्या जुन्या दुर्बिणीतली काळी फुली
त्या काळ्यात जाऊन बसते
आणि काही केल्या बाहेर येत नाही.

मागच्या रविवारी माझी एक गोळी
शेजारच्या कागदावर गेली. पिर्क्कोच्या.
तिने आपली छिद्रं मोजली, अकरा भरली,
पुन्हा मोजली,
मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली,
टपाल चुकीच्या पत्त्यावर आलंय, तेल्लेर्वो.

एकतीस वर्षं पत्रं वाटली मी.
हे लागलं.

म्हणून इल्पोच्या दुकानात.
काउंटरवर हिरवं कापड, त्यावर चार नळ्या,
आणि समोर खिडकी. नदीपलीकडे
औषधाच्या दुकानाची पाटी,
तीच आमची निशाणी.

पहिली जड, राईच्या पावाएवढी,
किंमत माझ्या तीन पेन्शनांची. बाजूला.
दुसरीत इतक्या रेघा, इतके आकडे,
की जणू रेल्वेचं वेळापत्रक, आणि गाडी मात्र एकच.
तिसरीची सगळी फुली पेटते, लालभडक,
औषधाची पाटी तिच्यामागे गायब.
चौथीत फुली काचेवर कोरलेली,
केसाहून बारीक,
आणि पेटतो तो फक्त मधला ठिपका.
सेल संपला तर? मी विचारते.
ठिपका जाईल. फुली राहील.
हे उत्तर मला आवडतं.

पण डोळा लावते, तर ठिपका ठिपका नाहीच.
स्वल्पविराम आहे.
खाली डावीकडे शेपूट सोडलेला.
माल खराब आहे तुझा, मी म्हणते.

इल्पो वाद घालत नाही.
नळी फिरव, म्हणतो.
मी फिरवते. फुली कलंडते,
शेपूट जागच्या जागी.
आता मान वाकडी कर.
करते.
शेपूट माझ्याबरोबर वाकतं.

तो कापडावरची नसलेली धूळ झटकत बसतो.

पहाटे पाचला निघायचे मी, ढीगभर बर्फातून.
रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला शेपूट होतं,
बर्फ लोटणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना,
तळ्याकाठच्या त्या एकट्या घराच्या व्हरांड्यालासुद्धा,
जिथली म्हातारी माझ्यासाठी दिवा चालू ठेवायची.
मला वाटायचं, दिवे असेच असतात.
कुणाला विचारणार,
काय हो, तुमच्या दिव्याला शेपूट आहे का?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, इल्पो म्हणतो,
आणि तोवर हे बटण फिरव.
बटणावर अकरा आकडे.
दहा, आठ, पाच. शेपूट आखडत जातं.
दोनवर येते तेव्हा
राहतो एक लाल कण, जरासा लांबट,
राईचा दाणा आडवा पडावा तसा.
पाटीवरची अक्षरं त्याच्याभोवती सगळी शाबूत.

मग अकरा कुणाला लागतो?
बर्फावर ऊन असलं की. आणि विकताना.

चौथीच घेते. पैसे मोजते. एक जादा सेल
तो न विचारता पिशवीत टाकतो.

गुरुवारी रेंजवर पाइनच्या झाडांमागे
पावणेतीनचाच अंधार.
कानांवर मफ, पोटाखाली ओली चटई,
डावीकडे पिर्क्को, तिचे बूट माझ्याकडे.
बटण दोनवर.
काळ्या वर्तुळात फुली बुडते, नेहमीसारखी,
पण मधला दाणा तरंगतो.
मी अर्धा श्वास सोडते,
बोट ट्रिगरवर नेते,
आणि परत काढून घेते.

आधी नळी जराशी वर,
कागदावरच्या लाकडी पाटीकडे.

सात.

माझाच.